तुझे सात किलोमीटर

उजू, तू गेल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी तू ठाण्यातली एकवीस किलोमीटरची शर्यत पूर्ण केलीस. तीन तास दोन मिनिटं. तसा मेसेज तुझ्या फोनवर आला, तुझ्या नावानिशी, अभिनंदनासकट. तुझी आजवरची सगळ्यांत वाईट वेळ. पण त्यातले पहिले दोन तास दहा मिनिटं ही माझ्या पायांची कर्तबगारी होती, तेव्हा तू मला काही बोलू नकोस.

उरलेल्या बावन्न मिनिटांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी तेव्हा बसमध्ये होते.

हे तुला सांगायला दीड महिना लावला. तुला ठाऊक आहे, मी सव्वीस वर्षं दहावीच्या मुलांना गणित शिकवतेय आणि उत्तर चुकलं की कुठल्या पायरीवर चुकलं ते शोधा, म्हणून त्यांच्या डोक्याशी कटकट करतेय. या गणिताच्या सगळ्या पायऱ्या मी पुन्हा पुन्हा तपासल्या. एकही चुकलेली सापडत नाही, आणि उत्तर तर हे असं आलंय.

आपण पळायला लागलो ते पन्नाशीनंतर. तुझे गुडघे कुरकुरायला लागलेले, माझी शुगर काठावर आलेली. पहाटे पाच वीसला तुझा मिस्ड कॉल यायचा. तो उचलायचा नाही, फक्त उठायचं. साडेपाचला मी तुझ्या बिल्डिंगखाली, आणि तू जिना उतरताना केस बांधत. मग एमआयडीसीच्या निवासी भागातले आपले चार फेरे. वारा उलटा असला की कारखान्यांचा तो गोडसर, घशाला चिकटणारा वास यायचा आणि तू म्हणायचीस, "आज मेनूत काय शिजतंय बघ." पहिल्याच आठवड्यात त्या हास्यक्लबवाल्या काकांनी आपल्याला हटकलेलं, "काय हो, कुठे आग लागलीय का?" तू न थांबता ओरडलीस, "डोंबिवलीत नसते कधी?" त्या दिवशी आपल्याला हसून हसून पळताच येईना.

तू माझ्यापेक्षा जोरात पळायचीस. हे मी तू असताना कधी कबूल केलं नाही, आता करते. तू पुढे जायचीस आणि प्रत्येक वळणावर थांबायचीस. जागच्या जागी पाय हलवत, बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनांशी खेळत. मी आले की काही न बोलता पुन्हा पुढे. पाच वर्षं हे असंच चाललं. आणि मग त्या शेवटच्या गुरुवारी काय माझ्या डोक्यात शिरलं कोण जाणे. रात्री नीट झोप झाली नव्हती, पाय उचलत नव्हते, आणि तू पाचव्या वळणावर पाचव्यांदा थांबलेली दिसलीस. मी तुझ्याजवळ पोहोचले आणि फाडकन म्हटलं, "तू माझ्यासाठी थांबत जाऊ नकोस गं. मला दया नकोय कुणाची. तुला पळायचंय ना? जा पळ."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं."

एवढंच. तू चिडली असतीस तर मला उलट बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी पाच वीसला फोन वाजला नाही. मीही केला नाही. मनात म्हटलं, सोमवारी बघू, तोवर दोघींचा ताठा उतरेल. सोमवारी दुपारी शरदभाऊजींचा फोन आला आणि माझ्या हातातला खडू तसाच हातात राहिला. त्या दिवसाचं मी लिहीत नाही. ते सगळे लिहितात.

कल्याणच्या खाडीवर दहाव्याला बायकांनी जायचं नसतं असं तुझ्या नणंदेचं मत पडलं. मी गेले. पिंड मांडला, सगळे बाजूला झाले, आणि कावळा शिवेना. एकच होता. भिंतीवर बसून राहिला. तुझ्या मुलानं सांगितलं, बाबांना एकटं ठेवणार नाही. भाऊजी म्हणाले, तुळशीला रोज पाणी घालीन. तुझी नणंद तर काय काय बोलली. ढिम्म. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, "कुणाच्या मनात काही राहिलं असेल तर बोला." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले, "हेमाताई, तुम्ही तरी बोला हो काहीतरी."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तुझाही नव्हता. पण त्या माणसाचे जोडलेले हात बघवेनात. मी पुढे झाले आणि मोठ्यानं म्हटलं, "उजू, ठाण्याची शर्यत. तुझा नंबर लावून मी पळेन. शेवटपर्यंत नेईन."

कावळा उतरला. त्याला भूक लागली असणार, असं मी परतताना रिक्षात स्वतःला सांगितलं. पण तो उतरला तेव्हा त्यानं आधी भाताकडे पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग चोच लावली. त्याच्या आधी सगळ्यांना जे सुचत होतं ते सोडून मला नेमकं हेच का सुचलं, हा प्रश्न मी रिक्षात स्वतःला विचारला नाही.

आपण दोघींनी नावं नोंदवलेली, त्यामुळे नंबरही दोन आले. छातीवर लावायचा तो कागदासारखा, न फाटणारा तुकडा, आणि त्याच्या मागे ती चपटी चिप. रस्त्यावर जागोजागी टाकलेल्या चटईवरून चिप गेली की वेळेची नोंद होते. दुसऱ्याचा नंबर लावून पळणं नियमात बसत नाही, आणि तू असतीस तर मला झापलं असतंस, पण तूच नव्हतीस. माझा नंबर मी पुढे लावला. तुझा भाऊजींनी माझ्या टीशर्टच्या पाठीवर लावून दिला, तुझ्या बांगडीतल्या चार पिनांनी. एक पिन मला टोचली. ते म्हणाले, "घट्ट लावल्यात. पडायचा नाही."

शर्यत कशी झाली ते तुला काय सांगू. पाचव्या किलोमीटरलाच मला कळलं होतं की आज काही खरं नाही. पाय म्हणजे ओली पोती. पाठीवर तुझा नंबर घामानं चिकटलेला, आणि मागून येणारे लोक पुढे जाताना तो वाचत होते, "उज्ज्वला, कम ऑन उज्ज्वला!" मी मान हलवत होते. घोडबंदर रोडवरून वळून परत निघालो तेव्हा माझ्या मागे मोजून सातआठ जण आणि मग ती बस, जी शेवटच्या लोकांना गोळा करत येते.

आणि तेव्हापासून मला तुझ्या पावलांचा आवाज यायला लागला. टप, खस. टप, खस. तुझा डावा पाय घासतो ते मी तुला शंभरदा सांगितलेलं, बुटाचा तळवा एकाच बाजूनं झिजतो म्हणून. तोच आवाज, चारपाच हात मागे. पहिल्यांदा मी वळून पाहिलं. एक पोरगा बऱ्याच लांब चालत येत होता, बाकी कुणी नाही. मग मी वळायचं सोडलं. खरं सांगू, मला भीती नाही वाटली. मला बरं वाटलं. त्या आवाजावर मी तीन किलोमीटर काढले, नाहीतर अकरालाच बसले असते.

मानपाड्याच्या पुलाखाली चौदाव्या किलोमीटरची चटई होती. ती ओलांडली आणि पोटऱ्या धरल्या. मी कठड्याला टेकून थांबले. बस शेजारी आली. दारातली मुलगी म्हणाली, "आंटी, बसा ना, रोड खोलायचाय आता." मी म्हटलं, एक मिनिट. मी तुझी वाट बघत होते, उजू. मला वाटलं तू थांबशील. आवाज माझ्या मागून जवळ आला, माझ्या डाव्या बाजूला आला, टप, खस, टप, खस, आणि तो थांबला नाही. तो तसाच पुढे गेला. माजिवड्याच्या दिशेनं लांब लांब जात ऐकू येईनासा झाला.

मी बसमध्ये चढले. सीटला पाठ टेकली तेव्हा काहीतरी टोचलं. हात मागे नेला. चारही पिना टीशर्टला होत्या, चारही मिटलेल्या. नंबर नव्हता.

मी सीटच्या खाली वाकून पाहिलं, त्या मुलीला पाहायला लावलं. ती म्हणाली, "पडला असेल ना आंटी कुठेतरी." मिटलेल्या पिनांमधून न फाटणारा कागद कसा पडतो, हे मी तिला विचारलं नाही. ती बिचारी काय सांगणार.

घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलेलं की भाऊजींकडे जायचं आणि सरळ सांगायचं. पण त्यांचाच फोन आला. तुझा मोबाईल ते अजून रोज चार्ज करतात. त्यांचा आवाज मी गेल्या एकोणीस दिवसांत तसा ऐकला नव्हता. "हेमाताई, आला मेसेज! पोहोचवलंत हो तिला. पोहोचवलंत." माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. एकदा हो म्हटल्यावर पुढचं सगळं रांगेनं आलं. त्यांनी मेडल मागितलं, तुझ्या फोटोला घालायला. मी माझं मागच्या वर्षीचं मेडल नेऊन दिलं. मुलांना कॉपी करताना पकडलं की मी त्यांना काय काय बोलते, ते सगळं आठवत मी तुझ्या हॉलमध्ये उभी होते आणि फोटोतून तू माझ्याकडे बघत होतीस.

दोन दिवसांनी मी आयोजकांना फोन लावला. तिथल्या मुलानं आकडे वाचून दाखवले. पाच, दहा, चौदा, या चटयांवर तुझी आणि माझी वेळ एकच. चौदानंतर माझी नोंद नाही, तुझी आहे. अठरा, आणि मग शेवट. मी विचारलं, चुकून होऊ शकतं का असं? तो म्हणाला, "चिप गेली म्हणूनच नोंद झाली ना मॅडम. कुणीतरी घेऊन गेलंय ती." बरोबर आहे. कुणीतरी रस्त्यात पडलेला नंबर उचलला, खिशात घातला आणि पळाला. मी ही पायरी मान्य केली. मग त्यानं सांगितलं की वेबसाइटवर नंबर टाकला की फोटोही दिसतात. मी टाकला. शेवटच्या कमानीखालचा एक फोटो आला. त्यात कमान होती, ओला रस्ता होता, कडेला लवंडलेले पाण्याचे ग्लास होते. माणूस कुणी नव्हतं. मी त्या मुलाला पुन्हा फोन केला तर म्हणाला, कॅमेरा आपोआप क्लिक होतो, कधीकधी मागेपुढे होतं. तेही बरोबर आहे.

पण सात किलोमीटर बावन्न मिनिटांत, हा तुझा वेग आहे. सकाळच्या चार फेऱ्यांचा, माझ्यासाठी थांबलेला वेळ वगळून.

त्यानंतर मी पळायचं सोडलं. बूट पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. घरात सगळ्यांना वाटलं, हरले म्हणून खट्टू झालेय. ह्यांनी दोनदा चिडवूनही पाहिलं, "काय बाई, निवृत्ती का?" शर्यत सुटल्याची लाज होतीच, ती मी नाकारत नाही. चौदा किलोमीटरनंतर बसमध्ये बसणं हे माझ्या जिव्हारी लागलं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. तू म्हणाली होतीस बरं, आणि तू ते खरं केलंस. पुलाखाली मी उभी होते आणि तू थांबली नाहीस. आता मी रस्त्यावर उतरले तर तू पुढे असशील आणि मला तुला गाठता येणार नाही, ही भीती होती. आणि पहाटे पाच वीसला मला आपोआप जाग येत होती, रोज, अंधारात, फोनकडे बघत.

एका मंगळवारी तो वाजला. एकदा. स्क्रीनवर तुझं नाव होतं.

मी कशी उठले, गाऊनवरच ओढणी कशी टाकली, कुणाला सांगितलं की नाही, काही आठवत नाही. तुझ्या दारात पोहोचले तर दार उघडंच होतं. भाऊजी खुर्चीत बसले होते, मांडीवर तुझा फोन. मला पाहून कसनुसे झाले. "मीच दिला मिस्ड कॉल. माफ करा हो. पाच वर्षं तिनं दार ओढून घेतल्याचा आवाज झाला की मला पुन्हा गाढ झोप लागायची. आता लागतच नाही. म्हटलं तुम्ही तरी पळायला लागलात का बघावं."

मी त्यांच्या समोर जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. पूल, बस, पिना, मेडल. भांडणसुद्धा सांगितलं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. भाऊजी ऐकत होते. मेडलचं आलं तेव्हा म्हणाले, "वर्ष लिहिलंय हो मागे त्याच्यावर. पहिल्याच दिवशी वाचलं मी. म्हटलं, सांगाल तेव्हा सांगाल." मला रडू आलं, मी रडले. मग त्यांनी तुझा फोन मांडीवरून उचलून चार्जरला लावला. आणि एकदम घाबरल्यासारखे म्हणाले, "म्हणजे पुलापासून पुढे ती एकटी गेली?"

मी म्हटलं, "भाऊजी, चिप गेली. कुणीतरी उचलून नेली."

"हो, पण एकटी गेली ना? तिला कुत्र्यांची भीती वाटते हो. कुणाला सांगायची नाही ती. म्हणून तर तुम्ही येईपर्यंत थांबायची प्रत्येक कोपऱ्यावर."

उजू, पाच वर्षं. प्रत्येक वळणावर चारदोन कुत्रे असायचे आणि पाच वर्षं मला वाटलं की तू माझ्यावर उपकार करतेस. सांगायला काय झालं होतं गं तुला? मी हसले असते, हे खरं आहे. दोन दिवस चिडवलंही असतं. पण मग तुझ्या अंगावर तसं ओरडले नसते. मला दया नको होती आणि तुला सोबत हवी होती, आणि दोघींनी तोंडं शिवून घेतलेली. तुझा मला राग आला, तुझ्या दारात बसून आला, आणि त्या रागातच कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

भाऊजी उठले, चहा ठेवला, आणि पाठमोरे उभं राहून म्हणाले, "तुम्ही जाऊन या हो तिथून पुढे. तेवढं राहिलंय."

रविवारी मी माळ्यावरून बूट काढले. ठाण्याला गेले, मानपाड्याला उतरले, पावणेआठ वाजले होते. पुलाखाली तो कठडा तसाच होता, कुणीतरी त्याला टेकून पेपर वाचत होतं. मी तिथून सुरुवात केली. नंबर नाही, घड्याळ नाही, टाळ्या वाजवणारं कुणी नाही. पहिली दहा मिनिटं पोटऱ्यांनी शिव्या दिल्या. मी कान देऊन पळत होते. तू पुढे असशील, तुझा आवाज पुढून येईल, असं मी धरून चालले होते. कापूरबावडी गेली, माजिवडा गेला. काही नाही. रिक्षा, भाजीच्या गाड्या, देवळातली घंटा. खोपटच्या एसटी डेपोपाशी मी थोडं चालले आणि तुझ्याशी बोलायला लागले, तोंडानं, मोठ्यानं. एक बाई वळून बघत गेली. मी म्हटलं, उजू, मी खोटं बोलले होते. तू वळणावर उभी दिसायचीस ना, मला ते फार आवडायचं. मी तेवढ्यासाठी पुढच्या वळणापर्यंत पळायचे. पळण्याची मला दुसरी काही हौस नव्हती.

मग मी पुन्हा पळायला लागले, आणि मला सोपं गेलं. का ते विचारू नकोस. शर्यत जिथे संपते त्या मैदानाच्या फाटकापर्यंत मी एकदाही थांबले नाही.

नऊ वाजत आले होते. सकाळचे फिरणारे सगळे गेलेले. मी आत शिरून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले, धाप लागलेली, अंगाला खारट घाम, आणि इतका आनंद झाला होता की मला त्याची लाज वाटली. वॉचमन फाटकाची एक बाजू लोटत होता. नऊला बंद करतात. दुसऱ्या बाजूला हात घातला आणि थांबला, माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत.

"ताई, त्या मागच्या तुमच्याबरोबरच्या ना? लावू का गेट, का येऊ द्यायचं त्यांना?"

मी वळून पाहिलं नाही. असेल कुणी फिरायला निघालेली बाई. रविवार होता, रस्ता सगळ्यांचा आहे.

मी म्हटलं, "थांबा हो जरा. दमली असेल. सावकाश येऊ दे."

आणि मी तिथेच उभी राहिले, जागच्या जागी पाय हलवत.